आठ वाजताचं गरम पाणी

१

किनफार्गच्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हाही त्याच नियमाचा भाग होता.

घराचा वारस लढाईवर गेला की रोज सकाळी आठ वाजता त्याच्या खोलीच्या दाराशी दाढीसाठी गरम पाणी ठेवायचं. दाराबाहेरच्या तिवईवर पांढरं तसराळं असतं, त्यात झारीतलं पाणी ओतायचं आणि मागे न बघता निघून यायचं. नऊ वाजता तसराळं उचलून आणायचं. दार उघडायचं नाही. आणि तो स्वतःच्या पायांनी परत येईपर्यंत घरातल्या कुणी त्याला शोधायला बाहेर पडायचं नाही.

ग्रिझेलनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. दक्षिण आफ्रिकेतली लढाई चालू होती, आजोबा किनफार्गचे अर्ल, म्हणजे सरदार, होते, आणि लढायला गेले होते थोरले टॉर्किलकाका. एफी आत्या रोज पितळी झारी घेऊन जिना चढायची. ग्रिझेल तिचा झगा धरून मागोमाग.

“आत्या, काका तर बोटीतून गेले. मग दाढी कोण करतं?”

“पोरगं बाहेर गेलंय हे घराला कळू द्यायचं नसतं.”

“घराला कान असतात?”

“तुला आहेत ना? मग ऐक आणि गप्प बस.”

टॉर्किलकाका परत आले नाहीत. म्हणून तर ग्रिझेलचे पपा पुढे अर्ल झाले. पण त्याबद्दल नियमाला कुणी जाब विचारला नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. औषधानं रोगी दगावला तरी बाटली जपून ठेवतात.

आता १९१७ चा ऑक्टोबर होता. ग्रिझेल बावीस वर्षांची, सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठातून पदवी घेऊन घरी परतलेली. घरात होतं कोण? पपा, त्यांची थोरली बहीण एफी आत्या, आणि स्वयंपाकघरात गेडीसबाई. मोलकरणी ग्लासगोला तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेल्या होत्या, घोडे सैन्यानं नेले होते, आणि आत्याचे गुडघे जिन्याच्या पाचव्या पायरीवर संप पुकारत होते. ग्रिझेलचा थोरला भाऊ ल्युडोविक, सगळ्यांचा ल्युडो, फ्रान्सच्या आघाडीवर होता. म्हणजे एप्रिलपर्यंत होता. एप्रिलात तार आली. तारेत एकच कामाचा शब्द होता: बेपत्ता.

“उद्यापासून पाणी तू न्यायचंस,” आत्या म्हणाली.

“कुणासाठी?”

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीनं चर्चमध्ये शिटी वाजवली.

२

पहिल्या दिवशी ग्रिझेल पाय आपटतच वर गेली. पदवीच्या परीक्षेत तर्कशास्त्राला पहिला नंबर, आणि आता काम काय, तर रिकाम्या खोलीला पाणी पाजणं! तिनं पाणी ओतलं आणि खाली येऊन लापशी खाल्ली. नऊ वाजता परत वर गेली.

तसराळ्यातलं पाणी करडं झालं होतं. कडेला साबणाचा फेस वाळून चिकटला होता. आणि तळाशी बारीक, आखूड, तांबूस केस.

ती किती वेळ बघत उभी राहिली, तिलाच कळलं नाही. मग ते तसराळं तिनं खाली नेलं, कारण ते आत्याला दाखवायचं असंही बजावलेलं होतं. आत्या सकाळच्या उन्हात खिडकीशी बसली होती. तिनं भिंग काढलं, पाण्यावर धरलं, सावकाश फिरवलं आणि खुर्चीत मागे रेलली.

“बरा आहे पोरगा.”

वर्तमानपत्रामागून पपांचा आवाज आला. “बरा आहे?”

“बरा आहे.”

आणि पान उलटल्याचा आवाज. झालं. इतकंच.

“हे तुमच्यापैकी कोण करतंय?” ग्रिझेलनं विचारलं.

“काय करतंय?”

“हे केस कुणाचे?”

“ल्युडोचे. आणखी कुणाचे असणार? माझे?”

“ल्युडो फ्रान्समध्ये आहे, आत्या.”

“असेल. इथेही आहे.” आत्या भिंग पुसू लागली. “तार आली त्याच्या पुढच्या आठवड्यापासून पाणी असं येतंय. तोवर स्वच्छ यायचं. तो जिवंत आहे, ग्रिझेल. रोज सकाळी नऊ वाजता आम्हाला कळतं. बाकीच्या घरांना हे सुख आहे का सांग.”

तेव्हा कुठे ग्रिझेलच्या ध्यानात आलं की सहा महिने पपांनी कुठेच पत्र का टाकलं नव्हतं. रेडक्रॉसनं बेपत्ता माणसांच्या घरी पाठवलेला कागद त्यांच्या खणात तसाच कोरा होता. उंची, केसांचा रंग, अंगावरची खूण: सगळ्या रेघा रिकाम्या. तिनं तो त्यांच्यापुढे धरला.

“हा भरायचा असतो, पपा.”

“कशाला?” पपा शांतपणे म्हणाले. “हरवलेल्या माणसासाठी असतो तो. आणि नियम तुला ठाऊक आहे. आपण शोधायला निघालो, की त्याला वाटतं घरी कुणी नाही.”

“कुणाला वाटतं?”

पपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्यांचं उत्तर असायचं.

३

ग्रिझेल काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. केस आहेत म्हणजे ते टाकणारं कुणीतरी आहे, आणि या घरात माणसं मोजून चार. पपांची दाढी पांढरी. आत्याला पाचवी पायरी चढवत नव्हती. उरल्या गेडीसबाई.

“मी?” गेडीसबाईंनी बटाटा आणि सुरी दोन्ही खाली ठेवलं. “मला दोन हात आहेत, बाईसाहेब, आणि त्यात अख्खं स्वयंपाकघर. दाढ्या करायला तिसरा कुठून आणू?”

“मग कोण?”

“मी बटाट्यांकडे बघते. बटाटे माझ्याकडे बघतात. वरच्या मजल्याचं आम्ही दोघं बोलत नाही.”

तेव्हा तिनं दाराच्या फटीवर रेशमी धागा ताणला आणि दोन्ही टोकांना मेण लावलं. तिवईभोवती पीठ भुरभुरवलं. नऊ वाजता धागा शाबूत होता, पिठावर उंदराचंसुद्धा पाऊल नव्हतं, आणि पाणी करडं होतं.

मग एका सकाळी पाणी ओतून ती कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसून राहिली. समोर बारा पावलांवर बंद दार. खिडकीतून ढगाळ उजेड. घड्याळाची टिकटिक खालच्या मजल्यावरून येत होती. तसराळ्यातून वाफ सरळ वर चढत होती. पाच मिनिटं झाली, सात झाली, आणि ग्रिझेलला स्वतःचंच हसू येऊ लागलं.

आणि वाफ वाकली.

कॉरिडॉरमध्ये वारा नव्हता. पडद्याची झालर हलत नव्हती. वाफ मात्र दाराकडे झुकली, खाली उतरली आणि उंबरठ्याच्या फटीतून आत जाऊ लागली, कुणीतरी सावकाश श्वास आत ओढावा तशी. त्यानंतर आवाज आला. चामडी पट्ट्यावर वस्तरा परजल्याचा. सप्, सप्. मध्ये थांबून पुन्हा सप्. आणि त्यावर गुणगुणणं. ल्युडोला सूर कधी सापडला नव्हता. तो शिकारीचं एकच गाणं गुणगुणायचा आणि दर वेळी तिसऱ्या ओळीला पायरी चुकल्यासारखा घसरायचा.

दारामागचा आवाजही तिथेच घसरला.

ग्रिझेलच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीनं नव्हे. तिला त्या क्षणी आत्या कळली. रोज सकाळी हे मिळत असेल, तर प्रश्न कोण विचारील?

४

त्याच आठवड्यात नॅनचं पत्र आलं. नॅन पिटकेर्न तिची विद्यापीठातली मैत्रीण. सध्या एडिंबराजवळ सैनिकांच्या इस्पितळात परिचारिका. तिची पत्रं लांबलचक असत, अर्धी तक्रारींची, अर्धी थट्टेची.

“आमच्या वॉर्डात एक नमुना आहे,” तिनं लिहिलं होतं. “नाव नाही, गाव नाही. फ्रान्समध्ये खड्ड्यात सापडला, अंगावर भलत्याच शिपायाचा कोट. गळ्यातला बिल्लाही गेलेला. एका डोळ्यावर पट्टी. बोलत नाही. सगळं कळतं, नजर मागे मागे फिरते, पण ओठातून आवाज म्हणून नाही. आणि गंमत ऐक. त्याला दाढी येत नाही! चांगला पंचविशीचा गडी, डोक्यावर तुमच्या घराण्यासारखे तांबडे केस, पण पाच महिन्यांत गालावर कुसळ उगवलेलं नाही. वॉर्डात सगळे त्याला चिकणा म्हणतात. डॉक्टर म्हणतात, धक्क्यानं होतं. मला ते बघवत नाही. दर आठवड्याला त्याची हनुवटी आणखी गुळगुळीत होते. साबणाची वडी झिजते ना, तशी.”

ग्रिझेलनं पत्र घडी न करताच टेबलावर ठेवलं. मग उचललं, पुन्हा वाचलं. मग कागद ओढून तिनं एकच प्रश्न लिहिला: त्याच्या डाव्या हाताची करंगळी बघ. टोक आहे का? ल्युडो नऊ वर्षांचा असताना गोठलेल्या तळ्यावर खेळताना बर्फावरून सरकवायचा ग्रॅनाइटचा जड दगड त्या करंगळीवर आला होता आणि टोक गेलं होतं. पाण्याबद्दल तिनं नॅनला अवाक्षर लिहिलं नाही. काय लिहिणार? तिला स्वतःलाच ते वाक्य पुरं करता येत नव्हतं.

जेवताना तिनं पत्र वाचून दाखवलं. सगळं. दाढीचंही.

आत्यानं चमचा ठेवला. “शिपायांच्या वॉर्डात? किनफार्गचा वारस?”

“त्याचा कोट गेला होता, आत्या. कोट काढला की अर्लचा मुलगाही शिपायासारखाच दिसतो.”

“तो कुणाचातरी मुलगा असेल, बिचारा. आमचा वर आहे.”

“पपा?”

पपा सूप ढवळत होते. “उत्तर येऊ दे.”

“उत्तर येईपर्यंत तो झिजतोय!”

“आवाज खाली,” आत्या म्हणाली. आणि छताकडे बघून हळूच, “ऐकू जातं.”

५

ग्रिझेलनं रात्रभर विचार केला आणि सकाळी झारी घेऊन वर गेली. तसराळ्यात पाणी ओतलं. आणि ल्युडो गेल्यापासून दाराच्या ज्या मुठीला कुणी हात लावला नव्हता, ती फिरवली.

दार कुलूपबंद नव्हतंच. कधीच नसावं.

पलंगावरची चादर ताठ होती. खिडकीशी ल्युडोचा दाढीचा आरसा उभ्या दांडीवर होता, आणि त्याच्यासमोर खुर्ची. दाराकडे पाठ करून कुणीतरी गुणगुणत बसलं होतं. खांद्यावर टॉवेल. मानेवर तांबडे केस, आणि त्यात ल्युडोचा तो उलटा भोवरा, ज्याला आई ती असेपर्यंत ओल्या फणीनं हरवू शकली नव्हती. ग्रिझेलच्या ओठांवर त्याचं नाव आलं. नुसतं आलं नाही, जिभेवर बसलं.

मग तिला आरसा दिसला.

आरशात हनुवटी होती. ल्युडोची हनुवटी, मधल्या खळीसकट. त्याचे ओठ होते. ताजी दाढी केलेले गुलाबी गाल होते, गालफडाच्या हाडापर्यंत. त्याच्या वर अजून काही झालेलं नव्हतं.

गुणगुणणं थांबलं. ते ओठ हलले, हसल्यासारखे.

“पाणी गार आहे, ग्रिझी,” ल्युडोच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

ती दार ओढून कधी बाहेर आली, ते तिला आठवत नव्हतं. भानावर आली तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर बसली होती. आरशावर वाफ धरली असेल, ती स्वतःला सांगत होती. नक्कीच वाफ असेल. वाफेनं चेहरा अर्धाच दिसतो. तर्काला हे पटत होतं. पण तर्काला एक गोष्ट सांगता येईना. त्या सकाळी वाफ अजून तिवईवर होती. आत गेलेलीच नव्हती.

ती उठली, दाराशी गेली, तसराळं उचललं आणि गरमागरम पाणी खिडकीतून खाली गुलाबांच्या वाफ्यात ओतून दिलं.

६

त्यानंतर चार दिवस तिनं लबाडी केली, आणि त्याची तिला तीळभर लाज वाटली नाही.

आठ वाजता झारी घेऊन ती वर जायची, कारण आत्या जिन्याखाली पावलं मोजत असायची. पण पाणी झारीतच ठेवायची. नऊ वाजता न्हाणीघरात जाऊन तसराळ्यात पाणी घ्यायची, त्यात साबण फेसायची आणि आपल्याच वेणीचं टोक नखकात्रीनं बारीक बारीक कातरून टाकायची. घराण्याचा रंग तिच्याही डोक्यावर होता.

आत्या भिंग फिरवायची. “आज दाट आहे. तब्येत सुधारतेय.”

ग्रिझेल घाईनं तसराळं उचलायची. ही बाई दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं!

पहिल्या दिवशी दारामागून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी गुणगुणणं आलं, पण घोगरं, घसा सुकल्यासारखं. तिसऱ्या दिवशी टकटक. तीही सभ्य, बोटाच्या पेरानं, चांगल्या घरात वाढलेल्या माणसासारखी. “ग्रिझी,” आवाज म्हणाला, “असं करतात का?” तो आवाज इतका ल्युडोचा होता की ती कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली आणि दातांखाली स्वतःचं मनगट धरलं. हा खरा असेल तर? इथे आपण भावाला तहानेनं मारतोय, आणि तिकडचा तो चिकणा ॲबर्डीनच्या कुण्या कोळ्याचा पोरगा असेल तर? नॅनचं उत्तर आलेलं नव्हतं. तिच्याजवळ होती ती नॅनच्या पत्रातली साबणाची एक वडी, झिजत जाणारी.

चौथ्या दिवशी पाणी ओतायला ती खरंच वाकली. झारी तिरपी झाली. आणि तिनं पाहिलं की दाराच्या फटीखालची सावलीही तिच्याबरोबर वाकली, अधाशासारखी, जमिनीला टेकेपर्यंत.

तिनं झारी सरळ केली. ल्युडो कधी कशासाठी एवढा वाकला नव्हता. केकचा शेवटचा तुकडासुद्धा तो दुसऱ्याच्या ताटात सरकवायचा.

पाचव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर गेडीसबाई बोळात उभ्या होत्या, ॲप्रनचं टोक तोंडात धरून. बोळाच्या भिंतीवर नोकरांना बोलावायच्या घंट्यांची रांग होती, प्रत्येकीखाली खोलीचं नाव. शेवटून दुसरी घंटा डुलत होती.

“आज तीनदा झालं, बाईसाहेब,” गेडीसबाई म्हणाल्या. “त्या घंटेची तार मी स्वतः कापली होती, मेमध्ये.”

“मग बटाट्यांकडे बघा, गेडीसबाई.”

“बटाटेसुद्धा तिकडेच बघतायत.”

घंटा पुन्हा वाजली. या वेळी जोरात. आणि वर, न्याहारीच्या खोलीत, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

७

“ती ल्युडोची घंटा आहे,” आत्या म्हणाली. ती टेबलाला धरून उभी होती. “पाणी गेलं नाही का आज?”

“नाही.” ग्रिझेलच्या एका हातात भरलेली झारी होती आणि दुसऱ्यात नुकतंच आलेलं पत्र. “काल नाही, परवा नाही. पाच दिवस झाले. तुम्ही बघत होतात ते केस माझे होते.”

वर्तमानपत्र खाली आलं.

“काय केलंस तू हे?” आत्याचा आवाज फाटला. “मारलंस त्याला!”

“नॅनचं पत्र आहे. ऐका.” तिनं झारी टेबलावर ठेवली. तिनं कागद उघडला. “‘करंगळीचं टोक नाही. पण त्याआधी दुसरी बातमी. परवा सकाळी चिकण्याच्या हनुवटीवर खुंट आले! तांबडे, राठ, ब्रशसारखे. वॉर्डात असा जल्लोष झाला की मोठ्या परिचारिकाबाई धावत आल्या. एक पाय गेलेला सार्जंट खाटेवर उभा राहून नाचला. आणि काल सकाळी मी त्याला लापशी भरवत होते, तर त्यानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, मीठ कुठंय हिच्यात? पाच महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं! ग्रिझेल, कोण आहे हा? लवकर ये.’”

खालून घंटा वाजत होती. आता ती थांबत नव्हती.

पपांच्या ओठांनी “मीठ” हा शब्द आवाजाशिवाय म्हटला.

“सव्वादहाची गाडी आहे,” ग्रिझेल म्हणाली. “मी जातेय. मी येईपर्यंत त्या दाराशी पाण्याचा थेंब जायचा नाही.”

“नियम आहे...” पपांनी सुरुवात केली.

“नियम मी पाळणार नाही, पपा. आज नाही, पुढच्या लढाईत नाही, माझ्या मुलांच्या वेळी नाही. तुम्ही कुणाला पोसताय, हे मला ठाऊक नाही. पण कशावर पोसताय, ते मी पाहिलंय.”

“पोरखेळ!” आत्यानं झारी उचलली. पाणी टेबलक्लॉथवर सांडलं. “पदवी मिळाली म्हणून घरापेक्षा शहाणी झालीस? मी नेते. गुडघे मोडले तरी नेते. टॉर्किलसाठी मी चौदा महिने नेलं. एक सकाळ चुकवली नाही, ताप असताना नाही, आई गेली त्या दिवशीही नाही! शेवटच्या दिवसापर्यंत पाण्यात त्याचे केस होते. शेवटच्या दिवसापर्यंत, ग्रिझेल! दाट!”

ती दारापर्यंत पोचली होती, तेव्हा पपा बोलले.

“एफी.”

त्या आवाजानं आत्या थांबली. तिला त्या नावानं त्यांनी फार वर्षांत हाक मारली नव्हती.

“टॉर्किलच्या कर्नलचं पत्र आलं होतं. त्याला पुरल्यावर. मी तुला अर्धंच वाचून दाखवलं होतं.” पपा टेबलक्लॉथवरच्या ओल्या डागाकडे बघत होते. “तिथल्या तापाच्या तंबूत तो कित्येक महिने पडून होता. मरेपर्यंत कुणी ओळखलं नाही. त्याचे ते मोठे कल्ले होते ना, तू चिडवायचीस ते, त्यातला केसही उरला नव्हता. कर्नलनं लिहिलं होतं की चेहरा अगदी लहान मुलासारखा... की नाक आणि डोळेसुद्धा जरा...” त्यांनी हात उचलला, स्वतःच्या गालाशी नेला आणि तिथंच थांबवला. “मला वाटलं, तापानं होत असेल.”



ग्रिझेलला पुष्कळ बोलता आलं असतं. तिच्या ओठांवर धारदार वाक्यं तयार होती, कित्येक वर्षांची. तिनं त्यातलं एकही उच्चारलं नाही. ती आत्याजवळ गेली, तिच्यासमोर दारात उभी राहिली आणि हात पुढे केला.

“नाही, आत्या,” ती म्हणाली. “पाणी वर जाणार नाही.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मग झारीकडे, त्यातून वर येणाऱ्या वाफेकडे. वाफ सरळ चढत होती, आणि वळतेय का हे पाहायला ती म्हातारी श्वास रोखून उभी होती. नंतर झारीच्या कडीवरची तिची बोटं सुटू लागली, एकेक करून, आणि झारीचं सगळं वजन ग्रिझेलच्या हातात आलं.

पपा उठले. खुंटीवरचा ग्रिझेलचा कोट त्यांनी उतरवला आणि तिच्यासाठी उघडा धरला. खालून घंटा वाजतच होती. दोघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.